अस्सल, नक्कल आणि फेरिस्त

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेस धुळ्यास वारले. मागें संपत्ति म्हणण्याजोगें कांहीं राहिलें असेल तर ते त्यांचे कागद. त्या कागदांच्या रक्षणार्थ धुळ्याच्या मंडळींनीं पुढच्याच वर्षीं राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलें. त्या काळीं नंदुरबार हा पश्चिम खानदेश जिल्ह्याचा एक तालुका होता व जिल्ह्याचें ठाणें धुळें होतें. नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा होण्यास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. म्हणून आमच्याकडील मनुष्यास जुन्या कागदांचें काम पडलें कीं त्याची पावलें अजूनही आपोआप धुळ्याकडे वळतात.

राजवाड्यांनीं महाराष्ट्रास घालून दिलेला धडा वाचकांस नव्यानें सांगण्याची गरज नाहीं. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं बाहेर पडला. त्यांत पानिपतच्या आधींच्या दहा-अकरा वर्षांतील पत्रें होतीं, व पुढें मालेचे एकंदर २२ खंड झाले. बखरींत रंगवून सांगितलेली हकीकत आणि त्याच प्रसंगीं धांवत्या हातानें लिहिलेलें पत्र यांत विरोध आला तर पत्राचा पक्ष घ्यावा. पत्र छापतांना त्याचे हातपाय तोडूं नयेत, त्याची भाषा सुधारूं नये. आणि तें कोणाच्या घरीं मिळालें तें नमूद करावें, एवढाच तो धडा. जुन्या दप्तरांत याला तीन सुटसुटीत शब्द होते. मूळ कागद तो अस्सल, त्यावरून उतरलेली ती नक्कल, आणि कोणत्या रुमालांत काय बांधलें आहे याची यादी ती फेरिस्त. हे तीन शब्द मी पंचवीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों. त्यांचा अर्थ मला पुरता कळला तो गेल्या चार-पांच वर्षांत, आणि तोही एका विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकापुढें बसून कळला, हें सांगण्यास मला संकोच वाटत नाहीं.

हा विद्यार्थी शहाद्याचा. पुण्यास सॉफ्टवेअरच्या एका कंपनींत तो प्रोग्रॅमर होता. २०२० च्या टाळेबंदींत घरीं आला तो तेथूनच काम करूं लागला. त्याच्या माजघराच्या कोनाड्यांत एक जुना संगणक रात्रंदिवस चालूं असतो. त्याला पडदा नाहीं, कळफलक नाहीं. आंत दोन मोठ्या हार्ड डिस्क आणि बाहेर विजेच्या लपंडावासाठीं एक यूपीएस. घरांतील टीव्ही, फोन, टॅब्लेट हीं सारीं आपापलीं गाणीं, चित्रपट, लग्नाचीं चित्रणें या एका यंत्राकडून मागून घेतात. अशा यंत्रास होम मीडिया सर्व्हर म्हणतात. त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचें नांव जेलीफिन. एम्बी नांवाच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या मालकांनीं आपली मूळ संहिता झांकून ठेवण्याचें ठरविलें, तेव्हां २०१८ च्या डिसेंबरांत कांहीं स्वयंसेवकांनीं हा त्यापासून फोडून वेगळा केला व सर्वांस खुला ठेविला. विद्यार्थ्याच्या मातोश्री त्यावर कीर्तनें ऐकतात, वडील अहिराणी गाणीं लावून ओट्यावर बसतात, मुलांचें काय चालतें तें मुलांस ठाऊक. पोराला हा छंद आहे एवढें मी ऐकून होतों. त्या छंदाशीं माझा कांहीं संबंध येईल असें मात्र वाटलें नव्हतें.

संबंध आला तो असा. १९९३ ते १९९९ या काळांत मीं अक्राणी, अक्कलकुवा व तळोदें या तालुक्यांत हिंडून साठ कॅसेट भरल्या होत्या. त्यांत पावरी आणि भिल्ली गाणीं आहेत. लग्नांतलीं आहेत, होळीचीं आहेत, इंदलाच्या रात्रीचीं आहेत. म्हाताऱ्यांनीं सांगितलेल्या कहाण्या आहेत. सपाटीवरच्या गांवांतून घेतलेल्या अहिराणी ओव्या आहेत. तो काळ कोणता होता हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. सरदार सरोवराच्या पाण्यानें महाराष्ट्रांतील ३३ गांवें बाधित होणार होतीं, तीं सारीं सातपुड्यांतल्या याच डोंगराळ भागांतलीं. नर्मदेचें पाणी मणिबेलीस लागूं लागलें होतें. ज्या अंगणांत यंत्र ठेवून मीं गाणें घेतलें त्यांतलीं कित्येक अंगणें आज कोणास दाखवितां येणार नाहींत, आणि गाणाऱ्या बायांपैकीं बहुतेक आतां हयात नाहींत.

कॅसेटबरोबर नऊ फ्लॉपी होत्या. गाण्याचे शब्द, त्यांचा मराठी अर्थ, गाणारीचें नांव, गांव, तारीख, असा सारा मजकूर मीं १९९६ पासून देवनागरींत टंकून त्यांवर ठेविला होता. कॅसेटची फीत बुरसेल, पण टंकलेला मजकूर कोठें जातो, अशी माझी समजूत. घडलें उलटें. सहा कॅसेट बुरशीनें चिकटल्या होत्या, बाकीच्या चोपन्न कमीअधिक खरखरत कां होईना वाजल्या. फ्लॉपीही सात उघडल्या. पण उघडून जें दिसलें तें पाहून मी कांहीं वेळ बोललों नाहीं. पडद्यावर रोमन अक्षरें, त्यांच्या डोक्यांवर टोप्या व टिंबें, मध्येंच पौंडाचें चिन्ह, मध्येंच अर्धा कंस. एक अक्षर देवनागरी नव्हतें. फाईल शाबूत होती, एकही बाइट हरवला नव्हता, आणि वाचतां मात्र कांहीं येत नव्हतें.

याचें कारण समजून घेण्यास थोडें मागें जावें लागतें. संगणकास अक्षर ठाऊक नाहीं, त्यास फक्त आंकडे ठाऊक. कोणत्या आंकड्यानें कोणतें अक्षर समजावें याचा करार आधीं ठरवावा लागतो. एका बाइटांत २५६ आंकडे मावतात. पैकीं पहिले १२८ अमेरिकेच्या ॲस्की करारानें इंग्रजीनें कधींच व्यापले होते. आपल्या देशांत यावर विचार झाला नाहीं असें नव्हे. कानपूरच्या आयआयटींत मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनीं जिस्ट नांवाचें तंत्र सिद्ध केलें. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक निघाली तेव्हां तें तिकडे आलें. त्याच सुमारास इस्की या नांवाचा भारतीय लिप्यांचा करार ठरला व १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें तो मानक म्हणून स्वीकारला. त्याची कल्पना मोठी देखणी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांत ‘क’ तो ‘क’च, मग त्याला आंकडा निराळा कशास? वरच्या १२८ जागांत एकच वर्णमाला बसवावी आणि ती देवनागरींत दाखवावयाची कीं गुजरातींत कीं तमिळांत हें वाचणाऱ्यानें ठरवावें. आमच्या नवापुरास, जेथें रेल्वेच्या फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रांत व अर्धा गुजरातेंत आहे, ही सोय किती उपयोगाची झाली असती!

परंतु छापखान्यांची व घरगुती टंकलेखकांची गरज तांतडीची होती. त्यांना करार नको होता, कागदावर अक्षर उमटलेलें हवें होतें. तेव्हां निरनिराळ्या कंपन्यांनीं एक जवळची वाट काढली. इंग्रजी अक्षराच्याच आंकड्यावर देवनागरी अक्षराचा तुकडा चिकटवावयाचा. कोठें काना, कोठें वेलांटी, कोठें अर्धा ‘श’. संगणकाच्या मतें तुम्ही इंग्रजीच लिहीत आहां. केवळ फॉन्टच्या मुखवट्यामुळें तें मराठी दिसतें. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा, आणि दुसऱ्याचा आपल्याला बसूं नये अशी प्रत्येकीची दक्षता. माझा मजकूर ज्या कंपनीच्या फॉन्टांत होता तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं; तिचा तो फॉन्ट नव्या संगणकावर चालेना, आणि मुखवटा गळून पडतांच आंतील अर्थहीन इंग्रजी उघडें पडलें. त्या काळांत मराठींत लिहिणाऱ्या हजारोंची हीच गत झाली असली पाहिजे. प्राध्यापकांचे प्रबंध, साप्ताहिकांचे अंक, सहकारी संस्थांचे अहवाल, सारें त्या मुखवट्यांखालीं.

येथें इतिहासाच्या विद्यार्थ्यास मोडी आठवल्याखेरीज राहत नाहीं. मोडी ही कांहीं गुप्त लिपि नव्हती. आधीं आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि हात न उचलतां तिच्याखालीं अक्षरें लोंबत न्यावयाचीं; ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं; भरभर लिहिणें हाच तिचा धर्म. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं तिचे खिळेही पाडले होते. विल्यम केरीचा १८१० चा मराठी कोश मोडींत छापलेला आहे. तरी छापखान्याचा कल बाळबोधीकडे झुकला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. पुढच्या दोन पिढ्यांत परिणाम काय झाला? पुण्याच्या पेशवे दप्तरांतील हजारों रुमाल जेथल्या तेथें राहिले. कागद चांगला, शाई काळीभोर. वाचणारा तेवढा नाहींसा झाला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्यांतून निवडून ४५ भाग बाळबोधींत छापले, म्हणून निदान तेवढें तरी सामान्य अभ्यासकाच्या दृष्टीस पडलें. माझ्या फ्लॉपींची दशा याहून निराळी नव्हती, फरक काळाचा. मोडीस वाचक मिळेनासा होण्यास पन्नास वर्षें लागलीं, माझ्या फॉन्टला पंधराही लागलीं नाहींत.

उतारा सांपडला तो विद्यार्थ्याच्या चिकाटीनें. त्या फॉन्टांत छापलेलें माझें एक जुनें टिपण कागदावर शिल्लक होतें. तें एकीकडे आणि फाईलींतील विचित्र अक्षरें दुसरीकडे ठेवून त्यानें कोणत्या चिन्हाला कोणता तुकडा याची जंत्री तयार केली. मोडी शिकणारा जसा एक लावलेलें पत्र समोर ठेवून दुसरें लावतो, तोच प्रकार. तीन आठवडे लागले. मग एक लहान प्रोग्रॅम लिहून त्यानें सारा मजकूर युनिकोडांत आणला.

युनिकोड हा या कथेचा पुढचा टप्पा. त्याची पहिली आवृत्ति १९९१ च्या आक्टोबरांत निघाली, आणि भारतीय लिप्यांची तिच्यांतील मांडणी आमच्या इस्कीवरूनच घेतलेली आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक नसते. मात्र प्रत्येक लिपीस त्यांत स्वतंत्र जागा मिळाली. हे आंकडे फाईलींत कसे लिहावे याची सर्वांत रूढ रीत यूटीएफ-८. ती केन थॉम्पसन यानें १९९२ सालीं न्यू जर्सींतील एका खाणावळीच्या मेजावर, रॉब पाइक जवळ बसला असतां, आंखली. या रीतीनें देवनागरीच्या एका चिन्हास तीन बाइट लागतात, इंग्रजीच्या अक्षरास एक. कोणी याला अन्याय म्हणतात. आमच्या मतें जागा आतां इतकी स्वस्त झाली आहे कीं हा कर आनंदानें भरावा.

पण करार झाला म्हणजे तंटा मिटला असें नाहीं. मराठीचीं कांहीं दुखणीं त्यांतही राहिलीं. ‘ॲ’ या अक्षरास स्वतःची जागा मिळाली ती २००८ सालीं. आणि आमच्या सातपुड्याची गोष्ट घ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हिंदीस या दुसऱ्या जोडाक्षराची गरज नाहीं, मराठीचें त्याविना चालत नाहीं. युनिकोडांत तो आडवा रफार दोन तऱ्हांनीं लिहितां येतो. दिसावयास दोन्ही सारखे, आंत आंकडे निराळे. परिणाम असा कीं माझ्या मजकुरांत ‘दऱ्या’ शोधूं जावें तर अर्ध्या दऱ्या सांपडतात आणि अर्ध्या हरवतात. विद्यार्थ्यानें एक तऱ्हा ठरवून सगळा मजकूर तिच्यांत बसविला. अमुक कारकून ‘श्री’ असा काढतो, तमुक तसा काढतो, हें ओळखण्यांत ज्यांनीं वर्षें घालविलीं त्यांना या कामाचें नवल वाटणार नाहीं. मोडीलाही युनिकोडांत २०१४ सालीं जागा मिळाली हें जातां जातां सांगावयास हवें. मेलेली म्हणून टाकलेली लिपि ज्या करारांत आली तो करार अगदींच उथळ नव्हे.

यानंतर खरा वाद सुरू झाला, तो फेरिस्तीचा. साठ कॅसेटमधून सुमारें चारशें गाणीं व कहाण्या निघाल्या. प्रत्येकाचें नांव, गाणारी, गांव, भाषा, तारीख, प्रसंग हें कोणत्या साच्यांत लिहावें? या साच्यासच प्रोग्रॅमर लोक फाईल-फॉरमॅट म्हणतात, आणि यावर ते आपण शुद्धलेखनावर भांडतों तितकेच त्वेषानें भांडतात.

पहिला साचा सीएसव्ही. एका ओळीस एक नोंद, आणि रकान्यांच्या मध्यें स्वल्पविराम. याहून साधें कांहीं नाहीं. हा इतका जुना कीं त्याचे नियम लिहून निघण्यास २००५ साल यावें लागलें. पण गाण्याच्या पहिल्या ओळींतच स्वल्पविराम आला तर? अवतरणचिन्हें घाला. अवतरणचिन्हच आलें तर? तें दोनदां घाला. त्यापेक्षांही वाईट गोष्ट अशी कीं सीएसव्ही फाईल आपण कोणत्या करारानें लिहिली आहे हें स्वतः सांगत नाहीं. स्प्रेडशीटनें ती उघडतांना चुकीचा अंदाज केला कीं पुन्हां तोच पौंडाच्या चिन्हांचा बाजार.

येथें विद्यार्थ्यानें मला आमच्याच जिल्ह्याचा दाखला दिला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या उपस्थितींत देशांतील पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आमच्या जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं. तो क्रमांक बारा आंकड्यांचा असतो आणि त्यांतील शेवटचा आंकडा पहारेकऱ्याचें काम करतो. व्हरहूफ नांवाच्या डच गणित्यानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें तो काढलेला असल्यामुळें एखादा आंकडा चुकला किंवा शेजारचे दोन अदलाबदल झाले तर लबाडी तत्काळ उघडी पडते. इतका विचारपूर्वक घडविलेला क्रमांक सीएसव्हींतून एका स्प्रेडशीटांत गेला, तिनें त्यास संख्या समजून ‘१.२३ गुणिले दहाचा अकरावा घात’ अशा थाटांत दाखविलें, कोणी तसेंच पुन्हां साठविलें, आणि पहारेकऱ्यासकट नऊ आंकडे नाहींसे झाले. असा प्रकार त्यानें एका यादींत स्वतः पाहिला होता. नाकारलेल्या क्रमांकाच्या मागें रेशनच्या दुकानापुढें उभी असलेली एखादी बाई असते, हें त्याला सांगावें लागलें नाहीं.

दुसरा साचा एक्सएमएल, १९९८ चा. यांत प्रत्येक गोष्टीच्या आधीं तिचें नांव आणि शेवटीं पुन्हां तेंच नांव. आपल्या जुन्या पत्रांतील मायन्यासारखा हा थोडा लांबण लावणारा आहे खरा. पण कोणत्या करारानें लिहिलें तें पहिल्या ओळींत सांगतो आणि मध्यें टीप लिहूं देतो. तरुणांस त्याचा कंटाळा. त्यांचा आवडता साचा जेसन, डग्लस क्रॉकफर्ड यानें या शतकाच्या आरंभीं रूढ केलेला. सुटसुटीत, पण त्यांत टिपेला जागा नाहीं. विद्यार्थ्यानें प्रथम यांतच सारी फेरिस्त लिहिली आणि मोठ्या हौसेनें मला दाखविली. मीं पाहिलें तों त्यांत एक देवनागरी अक्षर नाहीं! प्रोग्रॅमनें सावधगिरी म्हणून प्रत्येक चिन्हाऐवजीं त्याचा युनिकोडांतील क्रमांक रोमन चिन्हांत लिहिला होता. आठ चिन्हांचें ‘नंदुरबार’ अठ्ठेचाळीस चिन्हांचें झालें होतें. “सर, मशीनला दोन्ही सारखंच,” तो म्हणाला. मीं म्हटलें, “मशीनला असेल. उद्यां तुझा सर्व्हर बंद पडला, आणि ही फाईल नुसती एखाद्या मास्तरच्या हातीं लागली, तर त्यानें काय करावें?” त्यानें एक शब्द बदलला आणि फाईल देवनागरींत आली. इतका सोपा बदल आहे हें पाहून मला आनंद होण्याऐवजीं धास्तीच वाटली. तो शब्द न बदलतां किती मराठी मजकूर असा क्रमांकांच्या बुरख्यांत पडून असेल!

मग तो एसक्यूलाइटवर आला. रिचर्ड हिप यानें २००० सालीं केलेला हा डेटाबेस एकाच फाईलींत मावतो. जेलीफिनही आपली यादी त्यांतच ठेवतो. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें साठवणीस योग्य अशा साच्यांत त्याचें नांव घातलें आहे, आणि त्याच्या कर्त्यांनीं २०५० पर्यंत तो संभाळण्याचें वचन दिलें आहे. शोध क्षणांत लागतो. विद्यार्थ्याचें म्हणणें, आतां वेगळ्या मजकुराची गरज काय? माझें म्हणणें असें कीं हा उत्तम कारकून आहे, पण दप्तर कारकुनाच्या डोक्यांत ठेवूं नये. दोन दिवस आम्ही यावर भांडलों, मध्यें चहा पुष्कळ झाला. अखेर तडजोड ठरली. प्रत्येक गाण्याच्या फाईलीच्या शेजारीं त्याच नांवाची एक साधी मजकुराची फाईल, यूटीएफ-८ देवनागरींत, कोणासही उघडतां येईल अशी. तिच्यांत सर्व नोंदी, आणि सर्वांत खालीं फुल्लीची खूण असलेल्या ठिकाणीं माझ्या शंका. एसक्यूलाइटची यादी या फाईलींवरून केव्हांही नव्यानें तयार होते. ती नष्ट झाली तरी कांहीं बिघडत नाहीं.

आवाजाचें काम त्या मानानें लवकर उरकलें, कारण तेथें राजवाड्यांचा धडा सरळ लागूं पडला. जॉर्ज ग्रिअर्सन यानें हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली, तिच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत, १९०७ सालीं, भिल्ली बोली व खानदेशी यांचे नमुने छापले. प्रत्येक बोलींत बायबलांतल्या उधळ्या पुत्राची तीच कथा सांगवून घ्यावयाची, म्हणजे एकमेकींशीं ताडून पाहतां येतात, ही त्याची युक्ति. सगळ्या हिंदुस्थानाला एकाच साच्यांत बसविण्याचा तो उद्योग होता, आणि भिल्लांच्या स्वतःच्या कथांस त्यांत फारसा वाव राहिला नाहीं हें त्याचें न्यून. परंतु १९१३ ते १९२९ या काळांत याच पाहणीसाठीं ग्रामोफोनच्या तबकड्या भरल्या गेल्या, आणि त्यांतील आवाज शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळें आज कोणासही ऐकतां येतात. शतकापूर्वीची तबकडी वाजते, कारण तिचा साचा म्हणजे एक खांच आणि एक सुई. तिचा करार तिच्या अंगावरच कोरलेला असतो.

आमच्या कॅसेटसाठीं विद्यार्थ्याचा पहिला विचार एमपी३ चा होता. एमपी३ मिनिटास सुमारें एक मेगाबाइट जागा घेतो, कारण मनुष्याच्या कानास जें ऐकूं येणार नाहीं असें त्याच्या कर्त्यांस वाटलें तें तो गाळून टाकतो. गाळलेलें परत मिळत नाहीं. एमपी३ वरून दुसरी प्रत दुसऱ्या साच्यांत केली कीं पुन्हां थोडें गळतें, तिच्यावरून तिसरी केली कीं आणखी. बखरीवरून बखर उतरत गेली म्हणजे होतें तेंच. आणि ज्या कानांचा अंदाज घेऊन हें गाळणें ठरलें ते कान पावरीचे स्वर ऐकण्यास सरावलेले होते असें समजण्यास कांहीं आधार नाहीं. म्हणून अस्सल प्रत फ्लॅक या साच्यांत ठेविली. तो आवाज घडी घालून जागा सुमारें निम्मी करतो आणि घडी उलगडतांच एकही आंकडा कमी नसतो. २००१ पासून तो खुला आहे व २०२४ च्या डिसेंबरांत इंटरनेटच्या मानकांत त्याची अधिकृत संहिता प्रसिद्ध झाली. चोपन्न कॅसेट मिळून सोळा-सतरा गिगाबाइट भरल्या. एका चित्रपटाच्या उत्तम प्रतीस कधींकधीं याहून अधिक लागतात! खरखर काढण्याचा मोह विद्यार्थ्यास झाला होता. मीं ती अस्सलांत तशीच राहूं दिली. तिच्यांत मागें भुंकणारें कुत्रें आहे, जात्याची घरघर आहे, आणि एके ठिकाणीं नदीही आहे. फोनवर ऐकण्यासाठीं मात्र त्यानें साफ केलेली लहान नक्कल वेगळी केली. ज्या टीव्हीस कोणताच साचा समजत नाहीं त्याच्यासाठीं सर्व्हर ऐन वेळीं तिसराच अवतार तयार करून देतो आणि तो वाजून झाला कीं टाकून देतो.

जेलीफिनला प्रत्येक गाण्याची भाषा सांगावी लागते. भाषांचीं दोन-अक्षरी संक्षिप्त नांवें ठरलेलीं आहेत. त्यांत मराठी आहे, अहिराणी नाहीं, भिल्ली नाहीं. तीन-अक्षरी यादी मोठी आहे. तिच्यांत अहिराणीस, भिल्लीस, मावचीस आपापलीं नांवें आहेत. आम्ही तीं लिहिलीं. टीव्हीच्या पडद्यावर त्या जागीं ‘अज्ञात’ असें येतें. वडिलांनीं विचारलें, “आपली अहिराणी अज्ञात कधींपासून झाली?” यावर विद्यार्थ्यापाशीं उत्तर नव्हतें.

गेल्या दिवाळीनंतर तळोदें तालुक्यांतील एका पुनर्वसन-वसाहतींतून एक मुलगी शहाद्यास आली. तिच्या आजीचें गाणें आमच्या तेविसाव्या कॅसेटमध्यें आहे. तिनें तें फोनवर दोनदां ऐकलें, नक्कल घेतली, आणि मग शेजारची मजकुराची फाईल वाचूं लागली. ‘गांव’ या शब्दापुढें आम्ही वसाहतीचें नांव घातलें होतें. नातेवाइकांचा शोध लागावा म्हणून विद्यार्थ्यानें सर्वच नोंदींत आजचें गांव लिहिलें होतें, आणि माझ्या फ्लॉपींतलें जुनें नांव त्या भरांत पुसलें गेलें होतें. तिनें विचारलें, “आजी तर इथं कधी राहिलीच नाही. ती खालीच वारली. मग हे कसं लिहिलं?”

चूक माझी होती. फेरिस्त तपासण्याचें काम माझ्याकडे होतें. साच्यांत गांवाला एकच ओळ ठेविली होती आणि तिच्यांत एकच नांव मावत होतें. त्या संध्याकाळीं विद्यार्थ्यानें ती ओळ काढून तिच्याजागीं दोन केल्या: गाणें जेथें घेतलें तें गांव, आणि कुटुंब आज जेथें आहे तें गांव. चारशें फाईली उघडून जुनीं नांवें परत घालण्यास आम्हांस महिना लागला. अकरा नोंदींत तें नांव माझ्या मूळ मजकुरांतही नाहीं. त्या अकरांपैकीं चार गाणीं ज्या कॅसेटवर होतीं त्यांच्या वेष्टनावर माझ्या हातचें अक्षर आहे. पाण्यानें पुसट झालें आहे, भिंग घेऊन बसलें तर कदाचित् लागेल. त्या सहा चिकटलेल्या कॅसेटही अद्याप तशाच माझ्या कपाटांत आहेत.